अपुष्पक्षीरसंदोह : वर्धेकडील देवपुष्पांच्या इतिहासाची एक बाजू

वाकाटक राजांचीं दानपत्रें वाचणारास एक लहानसा समास वारंवार भेटतो. गांव दान दिल्यावर त्या गांवास कोणकोणत्या गोष्टींची माफी आहे, याची जी यादी पत्रांत येते, तिच्यांत 'अपुष्पक्षीरसंदोह' असें एक पद असतें. यादी लांब आहे. सरकारी माणसांचा प्रवेश, गाईबैल, गवत, चामडें, कोळसा, मीठ, खाणी अशा जड वस्तूंच्या गर्दींत हें फुलांचें व दुधाचें पद सहज नजरेआड होतें. प्रस्तुत लेखकानेंही तें कित्येक वर्षें ओलांडून पुढील राजवंशाच्या व सीमांच्या भागाकडेच धांव घेतली होती. परंतु वर्धेच्या मुलुखांत देवास वाहिल्या जाणाऱ्या फुलांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचें पहिलें पान हेंच आहे, असें आतां वाटतें.

देवपूजेंतील फुलांविषयीं आपल्याकडे लिहिलें गेलें नाहीं असें नाहीं. कोणत्या देवास कोणतें फूल चालतें व कोणतें वर्ज्य, हें निबंधग्रंथांत विस्तारानें आलें आहे. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथांत (१९१६) माळी जातीच्या प्रकरणीं देवांच्या फुलांचा व हार घालण्याच्या रूढीचा विचार केलेला आहे. पण फूल आणावयाचें कोणीं, तें कोणाचें कोणास देणें, आणि आणलेलें फूल देवाच्या गळ्यापर्यंत कोणाच्या हातून जावयाचें, हे प्रश्न फारसे कोणीं विचारलेले नाहींत. भक्ति ही मनाची गोष्ट खरी. परंतु हार हा कोणीतरी तोडलेल्या, ओवलेल्या व कोणाच्या तरी पदरीं घातलेल्या फुलांचा असतो, आणि तेवढ्यापुरता तो इतिहासाचा विषय होतो.

प्रथम या समासाचा वर्धेशीं संबंध काय, तें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा पुणें येथें उजेडांत आलेला ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहे. युवराज दिवाकरसेन अल्पवयी असल्यामुळें ती राज्यकारभार पाहत होती. तेराव्या वर्षीं नंदिवर्धन येथून तिनें डंगुण नांवाचें गांव चनालस्वामी या आचार्यास दिलें. पत्र पुण्यास सांपडलें, तरी गांव पुण्याकडचें नव्हे. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं सीमेवरील गांवांच्या नांवांचा माग काढून डंगुण म्हणजे हिंगणघाट, विलवणक म्हणजे वणी, शीर्षग्राम म्हणजे शिरसगांव, अशी संगति लाविली. हिंगणघाटाजवळ जांब येथें सांपडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत कोथुरक या गांवाचें दान आहे. त्यांतील उमा नदी म्हणजे वणा व मंडुकिग्राम म्हणजे मांडगांव, हेंही त्यांनींच दाखविलें. तेव्हां पांचव्या शतकांतील हीं दोन गांवें निःसंशय याच जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत होतीं.

प्रवरसेनाची राजधानी प्रवरपुर म्हणजे धाम नदीकांठचें पवनार, असेंही मिराशींचें मत आहे. १९३८ सालीं विनोबा तेथें राहावयास गेल्यानंतर आश्रमाच्या भुईंत राम-भरतभेटीची म्हणून ओळखली जाणारी शिळा व इतर शिल्पें मिळालीं, त्यांनीं या मतास जोर आला. नागपूर विद्यापीठानें १९६७ सालीं पवनारास उत्खननही केलें. पुढें रामटेकाजवळ मनसर येथें जें सांपडलें, त्यावरून प्रवरपुर तेथेंच होतें असें कांहीं विद्वान् म्हणतात. हा वाद येथें सोडविण्याचें कारण नाहीं. राजधानी कोठेंही असो. हिंगणघाट व मांडगांव या परिसरांतील शेतें जागचीं हलत नाहींत.

आतां समासाचा अर्थ. फ्लीट यानें १८८८ सालीं आपल्या लेखसंग्रहांत अचलपूर भागांतील चम्मकचा ताम्रपट छापला, तेव्हां या पदांचा अर्थ त्यानें उलट बाजूनें लावला. दान घेणारास गाईबैलांच्या वाढाव्याचा, फुलांच्या व दुधाच्या लाभाचा, चराईचा हक्क या दानानें मिळत नाहीं, असें त्याचें म्हणणें. म्हणजे फुलें व दूध राजानें आपल्याकडे राखून ठेविलीं. हा अर्थ प्रथमदर्शनीं पटण्यासारखा आहे, आणि प्रस्तुत लेखकानेंही तो बरेच दिवस बाळगला होता. परंतु त्यांत दोन अडचणी आहेत. एक तर त्याच यादींत 'अकरदायी' हें पद आहे. कर द्यावा लागणार नाहीं ही गोष्ट घेणाराच्या फायद्याचीच आहे, आणि एकाच दमांत सांगितलेल्या यादींतील एक पद फायद्याचें व दुसरें तोट्याचें मानणें ओढाताणीचें होतें. शिवाय पुण्याच्या ताम्रपटांत या साऱ्यांस चातुर्विद्य अग्रहाराचे 'परिहार' म्हटलें आहे, व ते पूर्वीच्या राजांनीं मानलेले आहेत असेंही म्हटलें आहे. परिहार म्हणजे सूट.

दुसरा पुरावा दूरचा पण निर्णायक आहे. पल्लव राजा शिवस्कंदवर्मा याचा हिरहडगल्लीचा प्राकृत ताम्रपट ब्यूलरनें 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत प्रसिद्ध केला. त्यांतील सवलतींची यादी वाकाटकांच्या यादीची थोरली बहीण शोभेल अशी आहे. त्यांतही पाळीपाळीच्या बैलांचें पद आहे, दुधादह्याचें आहे, आणि भाजीपाल्याबरोबर फुलांचेंही आहे. मात्र तेथें प्रत्येक पदापुढें 'गहण' हा शब्द स्पष्ट जोडलेला आहे. गहण म्हणजे ग्रहण, घेणें. बैल घ्यावयाचे नाहींत, दूधदहीं घ्यावयाचें नाहीं, शाकपुष्पें घ्यावयाचीं नाहींत. वाकाटकांच्या लेखकानें तो शब्द गाळून समास आंखूड केला, एवढेंच. मिराशींनीं १९६३ सालच्या आपल्या वाकाटक-लेखसंग्रहांत हाच सवलतीचा अर्थ स्वीकारला आहे, आणि तोच ग्राह्य आहे.

तर मग असें निष्पन्न होतें कीं, ज्या गांवांस अशी सूट नव्हती त्या सर्व गांवांस फुलें द्यावीं लागत. 'संदोह' हा शब्दही येथें बोलका आहे. तो 'दुह्' धातूचा, म्हणजे पिळून काढण्याचा, धार काढण्याचा आहे. दुधास तो अक्षरशः लागतो. फुलांस लाविला म्हणजे गांव ही गाय होते.

हीं फुलें कशासाठीं घेत असत? राजपुरुषांचा तळ गांवांत पडला म्हणजे बसावयास गवत व चामडीं, शेकावयास कोळसा, प्यावयास दूध, अशी सोय गांवानें करावयाची, हें यादीवरून उघड दिसतें. त्या सोयींत फुलें कां? एक तर्क असा कीं तीं अधिकाऱ्याच्या अंगावर मिरविण्यासाठीं. दुसरा असा कीं तळावरील देवपूजेसाठीं. फूल व दूध यांची एका पदांत सांगड पाहून स्नान-पूजेचें साहित्य डोळ्यांपुढें येतें. आमचें मत असें कीं हा भेद आपण आजच्या दृष्टीनें करतों. देवास वाहून उतरविलेला हार माणसानें मस्तकीं धरावयाचा, ही रीत त्या काळीं सर्वत्र होती. तोच हार सकाळीं पूजेचा व दुपारीं अलंकाराचा. मागणाऱ्या शिपायानें गांवच्या माणसास दोहोंपैकीं कोणतें कारण सांगितलें, यानें तोडणाराच्या श्रमांत फरक पडत नव्हता.

येथें एक योग लक्षांत घेण्यासारखा आहे. प्रभावतीगुप्ता स्वतःस भगवंताची अत्यंत भक्त म्हणविते, आणि डंगुणचें दान तिनें कार्तिक शुद्ध द्वादशीस, गांव भगवंताच्या पायांशीं निवेदन करून दिलें. प्रबोधिनीच्या दुसऱ्या दिवशीं, चातुर्मासाचें पारणें फिटतें त्या दिवशीं, ज्या दिवसापासून आपल्या घरोघर तुळशीचीं लग्नें लागतात त्या दिवशीं, एक विष्णुभक्त राणी एका गांवास फुलांच्या सक्तींतून सोडविते. तिच्या मनांत या दोन गोष्टींची सांगड होती असें म्हणण्यास आधार नाहीं. यादी साच्याची आहे व तिच्या आधीच्या राजांपासून चालत आलेली आहे. तरी पण देवाच्या पायांशीं जें वाहिलें तें फूल नव्हतें, फुलें न देण्याची मोकळीक ज्यांत लिहिली होती असें पत्र होतें, ही वस्तुस्थिति राहतेच.

ताम्रपट देणें सांगतात, वाहणें सांगत नाहींत. त्यासाठीं वाङ्मयाकडे वळावें लागतें, आणि वर्धेच्या बाबतींत फार दूर जावें लागत नाहीं. आर्वी तालुक्याच्या पश्चिम अंगास वर्धा नदी ओलांडली कीं पलीकडील कांठीं कौंडण्यपूर लागतें. परंपरा त्यालाच भीमक राजाचें कुंडिनपुर मानते, आणि रुक्मिणीहरणाची कथा तेथेंच घडली असें सांगते. भागवताच्या दशम स्कंधांतील त्रेपन्नाव्या अध्यायांत रुक्मिणी पायीं अंबिकेच्या देवळीं जाते, पाणी, गंध, अक्षता, धूप, वस्त्रें, माळा व अलंकार यांनीं देवीची पूजा करते. इतकें बहुतेकांच्या लक्षांत असतें. पुढची गोष्ट सुटते : पूजा झाल्यावर वृद्ध ब्राह्मणस्त्रिया तिला 'शेषा' देतात, म्हणजे देवीच्या पूजेंतून उतरविलेलें निर्माल्य, आणि तिला आशीर्वाद देतात. त्यानंतरच ती बाहेर येते व रथावर चढूं लागते. आपल्याकडे या आख्यानास स्वयंवर म्हणावयाची वहिवाट पडली. पण भागवताच्या त्या प्रसंगांत वराच्या गळ्यांत माळ घालण्याचा विधि कोठेंच नाहीं. जी माळ हातीं पडली ती देवीकडून परत आलेली, आणि बायकांनीं बाईस दिलेली.

हें आख्यान या बाजूच्या मराठी वाङ्मयाचें जणुं आद्य धान्य होय. महदंबेचे धवळे रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलेच्या निमित्तानें झाले, व त्यांचा विषय रुक्मिणीचें लग्न हाच आहे. नरेंद्राचें 'रुक्मिणीस्वयंवर' देवगिरीच्या रामदेवरायाच्या काळांतलें. दोघेंही महानुभाव. आणि महानुभावांत तर मूर्तिपूजेला थारा नाहीं. परंतु लीळाचरित्र वाळून पाहिलें तर चक्रधरस्वामींच्या नित्यक्रमांत बाइसा करीत असलेला 'पूजावसर' पानोपानीं येतो. म्हणजे देवळांतील देवापुढचें फूल सुटलें, तरी फूल वाहण्याचा हात थांबला नाहीं. तें प्रत्यक्ष पुरुषास वाहिलें जाऊं लागलें. या पंथाच्या पोथ्या बाळगणाऱ्या संग्राहकांनीं 'पूजावसरा'च्या उल्लेखांची एक स्वतंत्र टांचणावळ केली तर तेराव्या शतकांतील वऱ्हाडच्या पूजासाहित्याचें चित्र बरेंच स्पष्ट होईल.

यानंतर मधला काळ फार विरळ आहे. अबुल फजल वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पवनारचें नांव घेतो. पुढें हा मुलूख गोंडांकडून व निजामाकडून नागपूरकर भोंसल्यांच्या अमलाखालीं गेला, आणि १८५३ सालीं तें राज्य खालसा झालें. १८६२ सालीं वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा निघाला. या अवधींत फुलें आणणारीं माणसें कोण, याचें उत्तर महाराष्ट्राच्या ग्रामसंस्थेवरून काढावें लागतें. मोल्सवर्थनें आपल्या कोशांत बलुतेदार व आलुतेदार यांच्या याद्या दिल्या आहेत. त्यांत गुरव बारा बलुत्यांत येतो, माळी आलुत्यांत. गुरवानें देवळाची झाडलोट व पूजा करावयाची, घरोघर बेल पोंचवावयाचा, पळसाच्या पानांच्या पत्रावळी पुरवावयाच्या. माळ्यानें फुलें व हार द्यावयाचे. पान एकाकडे व फूल दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. ती केवळ सोयीची नसावी. बेल रानांत उगवतो, त्यास कोणीं पाणी घालावें लागत नाहीं, आणि तो वाळला, शिळा झाला तरी महादेवास चालतो. फुलास विहीर लागते, मोट लागते, पहाटे उठणारा माणूस लागतो. वर्धेकडील जमीन काळी, कापसाची. बागाइताचें क्षेत्र विहिरींभोंवतीं तेवढें. म्हणून लहान गांवच्या महादेवास बेल रोज व फूल सणासुदीस, आणि रोजचा हार पाहावयाचा तर मोठ्या कसब्यास जावें, अशी स्थिति असणें स्वाभाविक होतें.

मोल्सवर्थच्या याद्या मुख्यतः देशावरच्या आहेत. त्या जशाच्या तशा वर्ध्यास लावतां येणार नाहींत, विशेषतः मालगुजारीची पद्धत आल्यानंतरच्या काळास. तरी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. वाकाटकांच्या काळीं गांव राजपुरुषास फुलें फुकट देतें. आलुत्यांच्या व्यवस्थेंत गांव फुलें देणाऱ्या माळ्यास धान्य देतें. फूल तेंच, तोडणाराही बहुधा त्याच कुळाचा, पण देण्याची दिशा फिरली. ती केव्हां व कशी फिरली हें सांगणारे कागद मधल्या हजार वर्षांत कोठें तरी असले पाहिजेत.

फुलांचीं नांवें ही आणखी एक स्वतंत्र बाब आहे, आणि हस्तलिखितें जमविणारांस तिचा प्रत्यक्ष उपयोग आहे. आज वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथें देवळापुढें हारवाल्याच्या टोपलींत काय असतें? झेंडू, गुलछडी, शेवंती. दारच्या कुंपणांतून आणलेला पांढरा खुरचाफा. यांपैकीं झेंडू मूळचा मेक्सिकोचा, गुलछडी तेथलीच, आणि खुरचाफाही अमेरिकेच्या उष्ण मुलुखांतला. हीं झाडें पोर्तुगीज व स्पॅनिश लोक समुद्रमार्गानें जग फिरूं लागल्यावर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढें, आपल्याकडे आलीं. दसऱ्याच्या तोरणांत आपट्याच्या पानाशेजारीं बसलेला झेंडू पाहिला म्हणजे तो रामचंद्राच्या विजयापासून तेथें असावा असें वाटतें. पण आपटा इथला जुना आणि झेंडू काल आलेला. प्रभावतीगुप्तेच्या काळच्या गांवकऱ्यानें जीं फुलें दिलीं असतील तीं कण्हेर, जाई, कुंद, चंपक, कमळ, पळस या जातींचीं. आजच्या हारांतलें मुख्य फूल त्यानें डोळ्यांनींही पाहिलें नव्हतें.

तेव्हां एखादी पूजाविधीची पोथी जुनी म्हणून हातीं आली, आणि तींत झेंडूचें नांव मूळ मजकुरांत आढळलें, तर तो मजकूर सोळाव्या शतकाच्या अलीकडचा मानावा. गुलाब, गुलछडी, गुलदावदी अशा नांवांतील 'गुल' हा फारसी शब्दही तसाच पाहरेकरी आहे. मात्र हा कस दोन्ही बाजूंनीं वापरूं नये. नवें नांव आलें म्हणजे मजकूर नवा, हें बरोबर. पण जुनें नांव आहे म्हणून फूलही जुनें, असें नव्हे. 'सेवंती' या जुन्या नांवानें एक पांढरा गुलाब ओळखला जाई. आज मराठींत शेवंती म्हणजे चीनकडून आलेलें निराळेंच फूल. नांव जागेवर राहिलें, फूल बदललें. शिवाय नकल करणारा लेखक समासांत आपल्या वेळचें फूल लिहून ठेवतो व पुढचा नकलकार तें मूळांत ओढतो, हा प्रकार पोथ्या चाळणारांस नवा नाहीं. म्हणून नांव ओळींत आहे कीं कडेला, हें पाहूनच निर्णय द्यावा.

कापसाच्या या मुलुखांत फुलाच्या हाराशेजारीं दुसरा एक हार पूर्वीपासून होता, त्याचाही विचार केला पाहिजे. पूजेंत देवास वस्त्र म्हणून कापसाचीं वस्त्रें वाहतात. घरांतील बायका कापूस पिंजून, बोटांनीं वळून, मधें मधें मणी पाडून, कुंकवाचीं बोटें लावून ही वस्त्रमाळ करतात. ती वाहण्यास माळी लागत नाहीं, गुरव लागत नाहीं, विहीर लागत नाहीं. आणि श्रावणांत पोवतीं येतात. सुताचे पदर घेऊन त्यांस गांठी देऊन तीं देवास वाहावयाचीं व मग आपण घालावयाचीं, हा विधि शास्त्रांत पवित्रारोपण या नांवानें प्रसिद्ध आहे. श्रावणी पौर्णिमेस पोवती पौर्णिमा हें नांव त्यावरूनच पडलें. वर्षभर पूजेंत जें उणें राहिलें तें या सुतानें भरून निघतें, अशी त्यामागची समजूत. म्हणजे फूल चुकलें तर सूत भरपाई करतें. ही गोष्ट पुढील भागासाठीं ध्यानांत ठेवावी.

आतां शेवटचा प्रश्न : हार घालणाऱ्या हाताचा. संतचरित्रांत चोखामेळ्याची कथा आहे. देवळाबाहेर राहणाऱ्या या भक्ताच्या गळ्यांत विठ्ठलाचा हार सांपडला, आणि चोरीचा आळ येऊन त्यास शिक्षा झाली. कथेचा ऐतिहासिक भाग किती हा मुद्दा वेगळा. पण ज्यांनीं ती सांगितली त्यांस हें ठाऊक होतें कीं, देवाचा हार कोणाच्या गळ्यांत दिसला तर तो प्रसाद व कोणाच्या गळ्यांत दिसला तर ती चोरी, याचा निवाडा हारावरून होत नसून गळ्यावरून होतो. कुंडिनपुरास रुक्मिणीस मिळालेली शेषा व पंढरपुरास चोख्यास मिळालेला हार या एकाच क्रियेच्या दोन कथा आहेत.

वर्ध्यास या प्रश्नाचा एक कायमचा निकाल १९२८ सालीं लागला. शेट बच्छराज यांच्या घराण्यानें बांधलेलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर त्या वर्षीच्या जुलैंत जमनालाल बजाज यांनीं अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुलें केलें. या घटनेकडे राजकीय चळवळीचा भाग म्हणून पाहण्याची चाल आहे, आणि तें बरोबरच आहे. परंतु पूजेच्या इतिहासाच्या दृष्टीनें तींत दुसरेंही कांहीं आहे. तोंपर्यंत ज्याला आंत जातां येत नव्हतें त्याचें फूल देवापर्यंत जावयाचें तर दुसऱ्याच्या हातानें. आणि तें कोणाचें हें ठाऊक असल्यास बहुधा तसेंही नाहीं. 'अपुष्पक्षीरसंदोह' हें पद फूल न देण्याची मोकळीक सांगतें. येथें प्रथमच फूल देण्याची मोकळीक सांगितली गेली, आणि तिचेंही लेखी साल आपल्यापाशीं आहे. वर्तमानपत्रांनीं तेव्हां दरवाजाची बातमी दिली. हातांतल्या फुलांची देण्याचें त्यांना कारण नव्हतें.

गांधीजी १९३६ सालीं सेवाग्रामास राहावयास गेले, आणि पुढें या भागांत सत्काराचा हार फुलांचा नसून सुताचा असावा ही रीत रूढ झाली. १९४८ च्या जानेवारींत त्यांचा वध झाल्यावर १२ फेब्रुवारीस त्यांच्या अस्थींचा कांहीं भाग पवनारास धाम नदींत सोडण्यांत आला. त्या दिवशीं दर वर्षीं तेथें मेळा भरूं लागला, आणि विनोबांनीं त्या निमित्तानें सूतांजलीची कल्पना मांडली : प्रत्येकानें वर्षांतून एकदां आपल्या हातानें कातलेली एक गुंडी अर्पण करावी. फुलांच्या अंजलीच्या जागीं सुताची अंजली. ही नवी कल्पना म्हणून सांगितली जाते. परंतु ज्यानें श्रावणांतलें पोवतें व नित्यपूजेंतली वस्त्रमाळ पाहिली आहे त्यास ती अगदींच नवी वाटणार नाहीं. निदान ज्या आजीबाईंनीं जन्मभर वस्त्रें वळलीं त्यांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. फरक एवढाच कीं पोवत्यांत पदर व गांठी मोजावयाच्या, आणि येथें तार. एका गुंडीचे ६४० तार. ते स्वतः कातलेले असावे लागतात, विकत आणून चालत नाहीं. माळ्याकडून हार घेऊन वाहणाऱ्या हातास ही अट कधींच नव्हती.

प्रवरसेनाची राजधानी पवनार ही असेल, तर ज्या नगरींतून फुलांच्या माफीचीं पत्रें निघालीं त्याच नदीकांठीं हें सूत जमा होऊं लागलें. नसेल, तर हा योग केवळ आमच्या लेखणीचा. म्हणूनच तो जरा सैलच धरावा.

तांब्यावर फुलांचा उल्लेख आहे, पण किती फुलें, हें तेथें नाहीं. मधल्या काळांतील हिशेब असलाच तर तो देवस्थानांच्या रोजकीर्दींत, माफीच्या अर्जांत, गुरवांच्या व माळ्यांच्या घरच्या दप्तरांत असणार : अमुक देवास रोजचा एक हार, सणास तोरण, त्याबद्दल अमुक पायली धान्य, अशा एका ओळीच्या नोंदी. सनदा व राजपत्रें उचलून असले खर्डे पाठीमागें टाकण्याची आपल्या संग्राहकांची संवय आहे. वर्धा, आर्वी, देवळी, हिंगणघाट या बाजूच्या दप्तरांत ज्यांस अशा नोंदी आढळतील त्यांनीं त्यांतील फुलांचीं नांवें, मोबदला, आणि हार आणणाराची व घालणाराची जात जशी लिहिली असेल तशी, अक्षरशः उतरून घ्यावी. आणि नोंदीवर साल नसेल, तर कागद टाकून न देतां त्यांत झेंडू आहे कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें.